पलीकडच्या अर्ध्या पट्टीचं गवत

याल्मार ओलाफ्सनला पट्टीवरचं गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता कापलेलं लागायचं. मध्येच यंत्राची पाती उचलली की तिथे गवताचा पुंजका उंच राहतो आणि तो वैमानिकाला वरून दिसतो, असं त्याचं म्हणणं. खरंच दिसतो का, हे त्याला कळायला मार्ग नव्हता, कारण तो आयुष्यात कधी विमानात बसला नाही. पण असं काही त्याला म्हटलं तर तो नुसतं "असेल" म्हणायचा आणि पाती खालीच ठेवायचा.

पट्टी म्हणजे आमचा विमानतळ. गवताची धावपट्टी, कडेनं पांढरे रंगवलेले जुने टायर, वारा दाखवणारी नारिंगी कापडी पिशवी आणि दोन खोपटी. एक खोपटं उत्तरेला कॅनडाच्या मॅनिटोबात, आमच्या लुंडबी गावाचं. दुसरं दक्षिणेला अमेरिकेच्या मिनेसोटात. मधून दोन देशांची सीमा जाते. तिचा लोखंडी खांब पट्टीच्या कडेला उभा आहे आणि गाई त्याला पाठ घासतात. ज्या देशात जायचं त्या देशाच्या खोपट्यापाशी विमान थांबवायचं, फोन करायचा, की पश्चिमेकडच्या हमरस्त्यावरच्या चौकीतून अधिकारी गाडी घेऊन येतो, कागद बघतो आणि हवामानाच्या दोन गोष्टी बोलून जातो.

पूर्वी पट्टी सगळी आमच्याच बाजूला होती, पण लहान पडायची. शरदात बदकांच्या शिकारीला येणारे लोक भरलेलं विमान घेऊन उडायचे तेव्हा चाकं कुंपणाला लागतात की काय असं वाटायचं. उत्तरेला वाढवायला जागा नव्हती, तिकडून हायवे जातो. दक्षिणेला मात्र मोकळं रान होतं; फक्त ते दुसऱ्या देशात होतं आणि टॉर्गर हौगेनचं होतं.

टॉर्गरचा गहू त्या भागात नावाजलेला. तो शेतात कसलंही औषध फवारायचा नाही, आणि तसाच गहू घेणारे लोक ठरलेले होते. त्यामुळे त्याला एकाच गोष्टीची धास्ती होती: जांभळ्या बोंडांचं काटेरी तण. ते फुललं की थोड्या दिवसांत त्याचा कापूस होतो आणि वारा नेईल तिथे उगवतो. मुळं इतकी खोल जातात की एकदा शेतात शिरलं की माणूस म्हातारा होतो, तण होत नाही.

टॉर्गर आणि याल्मार कुंपणाच्या दोन बाजूंना टेकून बोलले, तेव्हा मी तिथे होतो. मी गावच्या धान्यकोठारावर वजनकाटा सांभाळायचो आणि पट्टीच्या कमिटीतही होतो, म्हणून मला नेलं होतं.

"काटेरी तणाचं काय?" टॉर्गरने विचारलं.

"मी कापीन की."

"माझ्या बाजूचंही?"

"अर्धीच पट्टी कापून काय करू?"

टॉर्गरने बराच वेळ आपल्या गव्हाकडे बघितलं. "मग घ्या. याल्मार कापेल तोवर ती पट्टी. ज्या वर्षी तिथे तणानं बी धरलं, त्या वर्षी मी नांगर घालणार."

"बरं," याल्मार म्हणाला.

झालं, एवढंच. हात मिळवले का, मला आठवत नाही. बहुतेक नसावेत, एवढ्या-तेवढ्यासाठी आमच्याकडे हात मिळवत नाहीत. पण टॉर्गर नांगर म्हणाला म्हणजे नांगरच, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. पुढे याल्मारने दर आठवड्याला, बर्फ वितळल्यापासून पुन्हा बर्फ पडेपर्यंत, दोन्ही देशांचं गवत कापलं. तरुण होता तो म्हातारा झाला, ट्रॅक्टर तीन वेळा बदलला, पण टॉर्गरच्या गव्हात काटा आला नाही.

याल्मार कमी बोलायचा. त्याची बायको स्टेफा ती कसर भरून काढायची. तिचं माहेर पूर्वेकडच्या युक्रेनी वस्तीवरचं. त्यांच्यात पाहुण्याला विचारत नाहीत, पेरोगीचं, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांचं, ताट सरळ पुढे सरकवतात, आणि पाहुणाही खायला लागतो. आमच्या आइसलँडी-नॉर्वेजियन लोकांचं तसं नाही. आमच्यात कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको, कशाला उगाच, म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, अगदी थोडं. तिसऱ्यांदा विचारलं नाही तर समजायचं की देणाऱ्याच्या मनात नव्हतं. आणि आपण होऊन मागायचं तर मुळीच नाही. मागणारा माणूस आमच्याकडे अजून कुणी पाहिलेला नाही.

शहरातून येणाऱ्या वैमानिकांना हे कुठून माहीत असणार? ते एकदाच विचारायचे. "याल्मार, चल, एक चक्कर मारून आणतो." "नको, काम आहे." "बरं तर." आणि विमान जायचं. म्हणून तो कधी वर गेला नाही. स्टेफा म्हणायची, "दार उघडून धरायला हा, आत जायला दुसरे. अरे, एकदा हो म्हण, जीभ झडणार नाही!" याल्मार म्हणायचा, "त्यानं पुन्हा विचारलं नाही ना."

न्यूयॉर्कचे ते मनोरे पडले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. दक्षिणेच्या चौकीवर नवा अधिकारी आला. रोलांडो कांतू त्याचं नाव, टेक्ससच्या पार खालच्या टोकाचा. त्याच्या गावच्या सीमेवर नदी होती, कुंपण होतं, दिवे होते. इथे त्याला गवत दिसलं, आणि गवतावरून एक म्हातारा ट्रॅक्टर घेऊन सरळ अमेरिकेत शिरताना दिसला. त्याने खांबापाशी उभं राहून हात वर केला.

"थांबा, साहेब. कुठे निघालात?"

"त्या टोकाला."

"ते टोक अमेरिकेत आहे."

"हो," याल्मार म्हणाला. "बरीच वर्षं झाली."

"चौकीत नोंद केलीत?"

"गवताची?"

"तुमची!"

मी वाऱ्याच्या पिशवीच्या खांबाला रंग देत होतो, ते थांबवून जवळ गेलो. कांतू चांगल्या शब्दांत बोलत होता, आवाज चढवत नव्हता. "माझ्या हातात नाही हो. नियम नवे आले आहेत. विमानानं आलात तर मी इथे येऊन तपासीन. रस्त्यानं आलात तर चौकीत या. असं मधूनच नाही येता येणार. ट्रॅक्टर म्हणजे विमान नव्हे."

याल्मारने ट्रॅक्टरकडे बघितलं. "नव्हे," त्याने कबूल केलं. मग त्याने पाती उचलली, ट्रॅक्टर वळवला आणि परत गेला. त्या दिवशी पहिल्यांदा सीमा जमिनीवर दिसली. अलीकडचं गवत कापलेलं, पलीकडचं घोट्याच्या वर.

मी त्याच आठवड्यात गाडीनं चौकीवरून वळसा घालून टॉर्गरकडे गेलो. त्याला म्हटलं, "टॉर्गर, तुझं घर पट्टीला लागून आहे. तूच फिरवलंस यंत्र तर अर्ध्या तासाचं काम."

"माझ्या जमिनीवरचं गवत मी कापलं तर ते माझं कुरण झालं," तो म्हणाला. "मग मी पेंढ्या बांधीन. पट्टी कशाला म्हणायची त्याला? ठरलं होतं ते याल्मारशी."

"अरे पण त्याला येऊ देत नाहीत."

"रस्त्यानं येऊ देतात, ऐकलंय मी. तण बी धरेपर्यंत वेळ आहे." मग म्हणाला, "मलाही आवडणार नाही रे नांगरायला. पण मी म्हणालो होतो."

त्याचं असं होतं. स्वतःचा शब्द त्याला हवामानासारखा वाटायचा. आला की आला, आपण काय करणार.

तेव्हा याल्मार रस्त्यानं निघाला. मागे गवत कापायचं यंत्र जोडून ट्रॅक्टर हमरस्त्याला लावला, पश्चिमेला चौकीपर्यंत, तिथून सीमा ओलांडून खाली, आणि पुन्हा पूर्वेला टॉर्गरच्या शेतापर्यंत. मागे लाकडाच्या ट्रकांची रांग. कुणी हॉर्न दिला नाही, आमच्याकडे देत नाहीत, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर तो होता.

चौकीत कांतूने यंत्राभोवती फेरी मारली. "याला माती लागली आहे."

"गवत कापतो मी त्यानं."

"परदेशातली माती आत आणता येत नाही, साहेब. तणही नाही." त्याने पात्याच्या खाचेतून एक सुकलेलं काटेरी बोंड दोन बोटांनी ओढून काढलं. "हे काय?"

दुसरा कुणी असता तर कचरा म्हणाला असता. याल्मारने नीट बघून खरं ते सांगितलं. "काटेरी तण. तुमच्या देशात त्याला कॅनडाचं तण म्हणतात."

कांतूने त्याला परत पाठवलं.

घरी येऊन त्याने सगळं यंत्र उघडलं आणि पाण्याच्या झोतानं धुतलं. पात्यांच्या मागे स्टेफाचा भांड्यांचा ब्रश चालवला. ती पायरीवर उभी राहून बघत होती. "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या स्वयंपाकघराची फरशी कधी अशी घासली नाहीस."

"तुझी फरशी अमेरिकेत जात नाही," याल्मार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. परत येताना आमच्या चौकीवर डोरिस होती, शाळेत त्याच्या पुढच्या बाकावर बसणारी. "काही आणलंस का, याल्मार?"

"पात्यांत थोडं गवत असेल."

"आपल्याकडे आहे," डोरिस म्हणाली. "जा."

असं दर आठवड्याला सुरू झालं. धुवायचं, जायचं, कापायचं, यायचं. आधी सकाळच्या कॉफीपर्यंत संपणाऱ्या कामाला अख्खा दिवस लागायला लागला. कांतूला बहुधा वाईट वाटत असावं. रांगेत उभ्या याल्मारला त्याने एकदा विचारलंही, "कॉफी घेणार?"

"नको."

"बरं," कांतू म्हणाला आणि आत गेला.

"पोरगा चांगला आहे," याल्मार घरी येऊन स्टेफाला म्हणाला. "पण त्याला कुणी वळण लावलेलं नाही."

अशाच एका फेरीला मी दक्षिणेच्या टोकाला होतो. तिकडच्या वाऱ्याच्या पिशवीची दोरी बदलायची होती. याल्मारचं कापून झालं होतं आणि तो ट्रॅक्टरला टेकून पाणी पीत होता. टॉर्गर घराकडून चालत आला. टोपी मागे सारली, कापलेलं गवत बघितलं.

"लांबून यावं लागतं तुला," तो म्हणाला.

"रस्ता चांगला आहे."

"हं." टॉर्गरने आपल्या शेडकडे मान वळवली. लाल पत्र्याची मोठी शेड, पट्टीपासून दगड फेकण्याच्या अंतरावर. "जुनं कापणीयंत्र विकलं तेव्हापासून शेड रिकामीच आहे. तुझं हे धूड तिथे ठेव हवं तर. मग तू नुसता गाडीनं येत जा."

माझ्या मनात आलं, अरे, हे आधी कुणाला कसं सुचलं नाही! यंत्र इकडेच राहिलं तर धुणं नको, ट्रकांची रांग नको. पण बोलायची पाळी माझी नव्हती.

"नको रे," याल्मार म्हणाला. "तुला अडचण."

"अडचण कसली? उंदीर खेळतात तिथे."

"नको, नको. होतंय माझं."

टॉर्गरने घसा साफ केला. याल्मारने टोपी काढून हातात घेतली. तिसरं विचारणं टॉर्गरच्या ओठावर आलेलं मला दिसत होतं. तेवढ्यात घराच्या मागून त्याची बायको आग्नेस ओरडली, "टॉर्गर! फाटक उघडं! गाई रस्त्यावर गेल्या!"

आम्ही तिघंही धावलो. गाई हमरस्त्यावर पसरल्या होत्या, लाकडाचा एक ट्रक आडवा थांबला होता आणि त्याचा ड्रायव्हर गाईला नावं ठेवत होता. त्यांना वळवून आणेपर्यंत ऊन उतरलं. टॉर्गरची धारेची वेळ झाली. चौकी बंद व्हायच्या आत याल्मारला पलीकडे पोचायचं होतं. जो तो आपापल्या वाटेनं गेला.

त्यानंतर शेडचं नाव कुणी काढलं नाही. याल्मारला वाटलं, टॉर्गरच्या मनातून गेलं असेल. आपण काढावं तर ते मागणं झालं असतं. पुढच्या फेरीला टॉर्गर लांबून हात हलवून गेला. त्याच्या पुढच्या फेरीला आलाच नाही. मी एकदा टॉर्गरकडे विषय काढायचा माझ्यापरीनं प्रयत्न केला.

"शेड मोठी आहे तुझी," मी म्हटलं.

"मोठी आहे."

"रिकामी ठेवली की पत्रा गंजतो म्हणतात."

"म्हणतात," टॉर्गर म्हणाला, आणि विषय संपला. याहून उघड बोलायचं म्हणजे मला फार झालं असतं.

जुलैत, गवताच्या ऐन बहरात, याल्मारचा ट्रॅक्टर चौकीच्या रांगेतच बसला. गिअर गेला होता. नवा भाग विनिपेगहून यायचा होता, आणि तिथेही तो नव्हता, आणखी कुठून तरी मागवला होता. डोरिसने ट्रॅक्टर ओढून आणायला माणूस दिला. तिकडे पट्टीच्या दक्षिण भागात गवत गुडघ्याला आलं. गवताच्या वर जांभळी बोंडं दिसायला लागली. आमच्या बाजूनं बघितलं तर एखाद्याला ती सुंदरही वाटली असती.

स्टेफाने त्याला गाडीची किल्ली दिली. "जा त्याच्याकडे आणि सांग, शेड दे. ट्रॅक्टर दे म्हण."

"स्टेफा."

"काय स्टेफा? तोंडाला कुलूप आहे का? तो नांगरणार आहे, याल्मार! तू एवढी वर्षं जे केलंस ते सगळं नांगरणार आहे. त्या अर्ध्या पट्टीवर काय उतरणार, चिमण्या?"

"माहीत आहे मला."

"मग मी जाते."

"तू गेलीस तर मीच मागितल्यासारखं होईल," याल्मार म्हणाला. इतक्या हळू की स्टेफाने किल्ली परत खुंटीला लावली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. लग्न झाल्यापासून एवढ्या एका गोष्टीत आपण कधी त्याच्या आड आलो नाही, असंही म्हणाली, आणि मग आमच्या सगळ्या जमातीला उद्देशून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली.

नांगर आला त्या सकाळी मी उत्तरेच्या खोपट्याचं दार दुरुस्त करत होतो. टॉर्गरचा मोठा ट्रॅक्टर गव्हाच्या बांधावरून सावकाश आला. मागे नांगर होता. मी खोपट्यातल्या फोनवरून याल्मारला कळवलं. तो पायीच आला, गाडी काढायचंही सुचलं नसावं. टॉर्गरने त्याला येताना बघितलं आणि ट्रॅक्टर खांबाजवळ आणून बंद केला. एक खांबाच्या या बाजूला, एक त्या बाजूला. मी थोडा मागे.

"फुललं," टॉर्गर म्हणाला.

"पाहिलं मी."

"काही ठिकाणी कापूस धरायला लागलाय."

"हो."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," याल्मार म्हणाला. "तुझं काही चुकत नाही."

टॉर्गरने हातमोजे काढले आणि पुन्हा घातले. याल्मार खांबावरच्या गाईच्या केसांकडे बघत राहिला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटतं तो रडायच्या बेतात होता, पण मी खात्रीनं सांगत नाही.

इतक्यात धूळ उडवत कांतूची गाडी आली. सीमेजवळ कसलं तरी अवजड यंत्र आल्याचं कुणीतरी चौकीला कळवलं होतं. तो उतरला, नांगर बघितला, आम्हाला बघितलं. "काय चाललंय इथे?"

मीच जमेल तसं सांगितलं. गवत, तण, टॉर्गरचा शब्द, मोडलेला गिअर. कांतूने ऐकून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"एक विचारू का? यांचं यंत्र तुम्ही तुमच्या शेडमध्ये का ठेवून घेत नाही? मी दर आठवड्याला ते तपासतोय. मला वाटलं तुमच्या दोघांचं भांडण आहे."

"भांडण?" दोघं एकदमच म्हणाले, आणि दोघांनाही ते फार लागलं.

टॉर्गर त्याच्याकडे वळला. "मी विचारलं होतं त्याला. नको म्हणाला."

"दोनदा," याल्मार गवताकडे बघत म्हणाला.

"काय दोनदा?"

"दोनदा विचारलंस."

"तीनदा."

"दोनदा, टॉर्गर. नंतर गाई सुटल्या."

टॉर्गर माझ्याकडे बघून म्हणाला, "तू होतास तिथे."

"गाई सुटल्या," मी म्हटलं.

तो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. मनातल्या मनात तो दिवस मोजत असावा. "मी आग्नेसला सांगितलं, तीनदा विचारलं तरी नको म्हणाला," तो म्हणाला. "ती म्हणाली, शेड घाण आहे म्हणून नको म्हणाला असेल. मग मी ती सगळी झाडून काढली. उंदरांसाठी मांजर आणलं. म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघेल एखाद दिवशी." त्याने मान हलवली. "सबंध उन्हाळा मला वाटतंय की मी तुला घाणेरडी जागा देऊ केली."

"नाही रे," याल्मार म्हणाला. "छान शेड आहे."

कांतू एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होता. नियम माहीत नसलेल्यानं टेनिसचा सामना बघावा तसा.

टॉर्गर उठला. हातमोजे काढून खिशात घातले. "याल्मार, शेडमध्ये जागा आहे. तुझं यंत्र ठेव तिथे."

"बरं," याल्मार म्हणाला. "तुला अडचण नसेल तर."

"झालं?" कांतूने विचारलं. "एवढंच होतं?"

"आज मात्र माझाच ट्रॅक्टर चालव," टॉर्गर म्हणाला. "माझं गवत कापायचं यंत्रही उभं आहे. तुझा गिअर येईपर्यंत."

"नको रे, तुझं डिझेल जाईल."

"थांबा, थांबा," कांतूने हात वर केला, पहिल्या दिवशी केला होता तसाच. "हेही तीनदा आहे का? मग उरलेलं पटकन उरका. चौकीत मी एकटाच आहे."

टॉर्गरने खिळे ठोकावेत तसं दोनदा विचारलं आणि याल्मार हो म्हणाला.

पायाखालची रेषा मात्र कुणी ओलांडली नाही. मी याल्मारला माझ्या गाडीनं चौकीवरून नेलं. कांतू आमच्या आधी तिथे पोचला होता आणि खिडकीत उभा होता. "काही आणलंय बरोबर?" याल्मारने एक पाय वर करून बुटाचा तळ दाखवला, मग दुसरा. कांतूने आम्हाला सोडलं.

टॉर्गरने नांगर सोडवून बांधावर ठेवला होता. याल्मारने दिवस मावळेपर्यंत कापलं. गवत फार वाढलं होतं, दोनदा फिरवावं लागलं. कापसाला आलेली बोंडं टॉर्गर आणि मी पोत्यात गोळा करत पुढे चालत होतो. सगळी मिळाली नाहीत. वारा होता. दोन-चार पांढरे पुंजके गव्हावरून गेलेले मी पाहिले आणि टॉर्गरनेही पाहिले. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. याल्मार ट्रॅक्टरवर होता, त्याची नजर पुढच्या रेषेवर होती.

पुढच्या वसंतात गहू वीतभर झाला तेव्हा मी कडेचे टायर रंगवायला पलीकडे गेलो होतो. टॉर्गर आपल्या शेतात गुडघे टेकून बसला होता. हातात लांब खुरपं, शेजारी पोतं.

"काय रे?" मी विचारलं.

"दगड वेचतोय."

पोत्याला आतून काटे टोचत होते. मी टायरकडे वळलो. गुडघे दुखत असताना माणूस एवढ्या सकाळी खाली बसतो, मूळ तुटू नये म्हणून हातभर खणतो, आणि उठताना खुरप्याचा आधार घेतो, हे बघत उभं राहणं बरोबर नव्हतं. त्याच्या पुढच्या वसंतातही त्याने दगड वेचले. त्याच्याही पुढच्या. आग्नेसला माहीत होतं. बाकी कुणाला नाही.

याल्मार त्यानंतर आठ-नऊ वर्षं कापत राहिला. अलीकडे नंतर घेतलेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरनं, पलीकडे शेडमधल्या यंत्रानं. खांबाशी दोन कापण्यांचा सांधा दिसू नये म्हणून तो फार जपायचा आणि तरी तो दिसायचा. शेवटी त्याच्या पायांनी ट्रॅक्टरचा क्लच दाबवेना, तेव्हा त्याच्या भाच्यानं काम घेतलं. टॉर्गरनेच याल्मारला विचारलं होतं, पुढे भाचा कापेल का. खरं म्हणजे विचारायला हवं होतं याल्मारने, पण टॉर्गरने आपण होऊन विचारलं.

दवाखान्यात मी याल्मारला भेटायला जायचो. एकदा तो म्हणाला, "त्या वर्षी थोडक्यात वाचलं, नाही का? आणखी एखादा दिवस गेला असता तर बी उडालं असतं. टॉर्गरच्या गव्हात एक काटा आला नाही."

"एकही नाही," मी म्हटलं.

"वेळेवर कापलं आपण."

"अगदी वेळेवर."

त्याच हिवाळ्यात तो गेला. पट्टीवर बर्फ होतं. टॉर्गर आणि आग्नेस चौकीवरून वळसा घालून अंत्यविधीला आले. कांतूची तोवर दुसरीकडे बदली झाली होती. स्टेफाने टॉर्गरपुढे पेरोगीचं ताट ठेवलं. त्याने नको म्हटलं नाही, सरळ खायला लागला.

टॉर्गरला आता वाकवत नाही. शेत मुलाकडे आहे आणि मुलगा औषध फवारतो.